राजघराण्यातील अंगसेवक : हुजऱ्या आणि उपट्ठाक

‘हुजऱ्या’ हा शब्द आज मराठीत उपहासानेच उच्चारला जातो. पुढाऱ्याच्या मागे-मागे फिरणाऱ्यास आपण हुजऱ्या म्हणतो, आणि त्याच्या वृत्तीस हुजरेगिरी. मुळात हा शब्द एका पदाचा वाचक होता. अरबी ‘हुजूर’ म्हणजे समक्षता, सन्निधता. जो राजाच्या सन्निध असतो तो हुजऱ्या. पाली वाङ्मयात याच अर्थाचा ‘उपट्ठाक’ असा शब्द आहे. त्याचाही मूळ अर्थ ‘जवळ उभा राहणारा’ असाच होतो. अर्थ एक असूनही एका शब्दाची शिवी झाली, तर दुसऱ्या शब्दाच्या उच्चाराबरोबर आयुष्मान आनंदाची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. असे का झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. त्यासाठी प्रथम राजवाड्यातील अंगसेवकाचे काम काय होते हे पाहणे इष्ट ठरेल. कारण या विषयावर लिहिताना आपल्याकडे एकतर स्वामिनिष्ठेचे पोवाडे गायिले जातात, नाहीतर गुलामीचा निषेध करून विषय संपविला जातो. दोहोंतही प्रत्यक्ष माणूस हरवतो.

मराठी राज्यव्यवस्थेत ‘बारा महाल, अठरा कारखाने’ अशी वाणी होती. राजाच्या गृहव्यवस्थेची निरनिराळी खाती म्हणजे हे कारखाने. जामदारखान्यात वस्त्रे व मौल्यवान जिनसा, फरासखान्यात डेरे, राहुट्या व बिछायती, मुदपाकखान्यात स्वयंपाक, आबदारखान्यात पिण्याचे पाणी, पीलखान्यात हत्ती, आणि पागेत घोडे. अष्टप्रधानांपैकी मंत्री, ज्यास वाकनीस म्हणत, त्याच्याकडे राजाच्या दैनंदिन खाजगी कारभाराची देखरेख असे. त्याच्या हाताखाली ही सगळी माणसांची उतरंड. कोणी तस्त धरावे, कोणी पानदान सांभाळावे, कोणी अबदागीर धरून उन्हात चालावे, कोणी मोर्चेल वारावे, कोणी मशाल घेऊन पुढे व्हावे. भालदार-चोपदार ललकारीने राजाचे येणे जाहीर करीत. हुजऱ्या मात्र मूक असे. राजा उठण्यापूर्वी त्याने उठावयाचे, राजा निजल्यावर निजावयाचे, आणि मधल्या वेळात राजाच्या चेहऱ्याकडे पाहत राहून त्याची इच्छा शब्दांत उतरण्यापूर्वीच ओळखावयाची.

या सेवकांची मांडणी आम्हांस तीन वर्तुळांसारखी दिसते. अगदी आतल्या वर्तुळात राजाच्या तोंडी लागणाऱ्या वस्तू हाताळणारे लोक येतात. आबदार, आचारी, विडा देणारा, हे ते लोक. विषप्रयोगाचे भय असल्याने येथे विश्वासाची कसोटी कडक होती, आणि तिच्याही आधी जातीची कसोटी होती. दुसऱ्या वर्तुळात अंगाला स्पर्श करणारे येतात. न्हावी, स्नान घालणारे, पाय चेपणारे, वस्त्रे नेसविणारे. तिसऱ्या वर्तुळात वाड्याबाहेरची चाकरी येते. मोतद्दार, माहूत, पालखीचे भोई, मशालजी. आपल्या परळच्या भोईवाड्याच्या नावात हे तिसरे वर्तुळ अद्याप शिल्लक आहे. गव्हर्नर साहेबांचे निवासस्थान एके काळी परळलाच होते, ज्या वास्तूत पुढे हाफकिन संस्था आली. पालखी गेली, मेणा गेला, गव्हर्नरही गेला. भोयांचे नाव मात्र पत्त्यावर उरले.

अस्पृश्याला या व्यवस्थेत जागा नव्हती असे म्हणणे बरोबर होणार नाही. तिसऱ्या वर्तुळाच्या कडेला त्याची जागा होती. घोड्याला खरारा करणे, लीद काढणे, ओझे वाहणे ही कामे त्याला मिळत. घोड्याला त्याचा हात लागलेला चाले, त्याच घोड्यावर राजा बसे, तेही चाले. घोड्याच्या पिण्याच्या पाण्याला तो हात लावी, तेही चाले. माणसांच्या पिण्याच्या पाण्यापाशी मात्र त्याला थांबावे लागे. ही रेषा आम्ही वाचकांच्या ध्यानी मुद्दाम आणून देतो, कारण पुढील सर्व विवेचन तिच्याभोवती फिरणार आहे.

अंगसेवकाच्या हाती एक विलक्षण सत्ता असे. राजाला भेटावयास कोण जाईल, अर्जी कोणत्या घटकेला पुढे सरकेल, राजा रागात आहे की प्रसन्न आहे, हे त्याला ठाऊक असे, आणि या माहितीला बाजारात मोल असे. म्हणूनच मोठमोठे सरदारही हुजऱ्याशी गोड बोलत. ही सत्ता त्याची स्वतःची नव्हती. धन्याची मर्जी फिरताच ती क्षणात संपे. आणि संकट आले म्हणजे आतल्या माणसाइतका रक्षक नाही आणि आतल्या माणसाइतका घातकीही नाही, हे वारंवार दिसून येई. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला. त्या वेळी रघुनाथरावांचा खिदमतगार तुळाजी पवार याने नारायणरावांस ओढले, आणि नारायणरावांचा खिदमतगार चाफाजी टिळेकर याने धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून देऊन त्याच्याबरोबर प्राण दिला. दोघेही एकाच दर्जाचे सेवक होते, एकाच वाड्यात वावरलेले होते.

शिवकालातील दोन नावे तर प्रत्येक मराठी मुलास पाठ आहेत. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार अडविणारा जिवा महाला, आणि १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटत असता त्यांचे सोंग घेऊन पालखीत बसलेला व सिद्दी जौहरच्या छावणीत मारला गेलेला शिवा काशीद. परंपरेप्रमाणे दोघेही न्हावी समाजाचे. यात आश्चर्य नाही. राजाच्या गळ्याशी रोज वस्तरा धरणाऱ्या जातीवर राजाने प्राणाचा विश्वास टाकावा हे स्वाभाविकच होते. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ अशी म्हण लोकांनी केली, ती योग्यच केली. त्याच प्रतापगडच्या प्रसंगात आणखी काही सेवक आहेत. जखमी अफझलखानाला पालखीत घालून पळू पाहणारे त्याचे भोई. संभाजी कावजीने त्यांच्या पायांवर वार करून पालखी पाडली असे बखरी सांगतात. भोयांची नावे बखरी सांगत नाहीत. त्यांची स्वामिनिष्ठा चाफाजीहून कमी होती काय?

वाड्यातील स्त्रियांच्या सेवेविषयी तर याहूनही कमी लिहिले गेले आहे. पेशवाईत कुणबिणी व बटकी यांची खरेदी-विक्री होत असे, त्या भेटीदाखल दिल्या जात, मुदपाकखान्यापासून पागेपर्यंत त्यांच्याकडून काम घेतले जाई. राणीच्या महालात वावरणाऱ्या दासीला राणीचे सगळे गुपित ठाऊक असे. तिचे स्वतःचे नाव मात्र हिशेबाच्या वहीत एका रकमेसमोर येई.

येथवर आपण जवळिकीचा विचार केला. अंगसेवक राजाच्या श्वासाइतका जवळ असू शकतो, त्याच्यासाठी प्राणही देऊ शकतो. तरीही त्याला पाहून कोणी उठून उभे राहत नाही. जवळीक आणि समता या दोन अगदी भिन्न वस्तू आहेत, आणि भारतीय राजवाड्याने पहिली मुक्तहस्ते दिली व दुसरी कधीच दिली नाही. किंबहुना स्वतः राजाचीही यातून सुटका नव्हती. १९०० च्या सुमारास पंचगंगेवर स्नान करताना छत्रपती शाहू महाराजांस आपल्याच पदरचा पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे कळून आले. ज्याला महाराजांच्या खजिन्यातून वतन मिळत होते तो सेवक आपल्या धन्याला शूद्र समजत होता, आणि धन्याच्या स्नानसमयीच त्याला तसे वागवीत होता. वेदोक्त प्रकरणाचे राजकीय परिणाम सर्वश्रुत आहेत. आम्हांस येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, चातुर्वर्ण्यात सेवकाची जागा वेतनावरून ठरत नाही.

आता पाली वाङ्मयाकडे वळू. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात मगधराज अजातशत्रू एका रात्री जीवकाच्या आम्रवनात भगवान बुद्धांच्या भेटीस येतो. त्याचा प्रश्न व्यवहारी आहे. माहूत, स्वार, आचारी, न्हावी, स्नान घालणारे, माळी, हे सर्व लोक आपल्या कसबाचे फळ याच जन्मी उपभोगतात. मग श्रमणाच्या जीवनाचे याच जन्मी दिसणारे फळ कोणते? ही यादी लक्षपूर्वक पाहावी. राजाने उपमा शोधताना आपल्या वाड्यातीलच माणसे पुढे केली आहेत. भगवंतांनीही उत्तर वाड्यातूनच दिले. समजा, तुझा एक दास आहे. तो तुझ्याआधी उठतो, तुझ्यानंतर निजतो, आज्ञेची वाट पाहतो, गोड बोलतो, सतत तुझ्या मुखाकडे पाहत असतो. एके दिवशी त्याच्या मनात येते की, हा राजाही मनुष्य आणि मीही मनुष्य. तो प्रव्रज्या घेतो. तुझी माणसे येऊन तुला हे सांगतील तेव्हा ‘त्याला धरून आणा, पुन्हा दास करा’ असे तू म्हणशील काय? अजातशत्रू उत्तरतो की नाही. उलट आम्हीच त्याला अभिवादन करू, उठून उभे राहू, त्याला आसन देऊ, चीवर व भोजन देऊ.

ज्याने बापाला कैदेत घालून मारविले तो राजा हे बोलतो आहे, हे विसरता कामा नये. या संवादातील दासाचे वर्णन आमच्या मते प्राचीन भारतीय वाङ्मयातील अंगसेवकाचे सर्वांत नेमके चित्र आहे. विशेषतः ‘मुखाकडे पाहणारा’ हे विशेषण. शतकानुशतके हुजऱ्याचे सारे कसब त्या एका शब्दात सामावले आहे. आणि ‘हाही मनुष्य, मीही मनुष्य’ हा विचार ज्या क्षणी येतो त्या क्षणी ती नजर मुखावरून हलते.

ही केवळ कल्पित उपमा राहिली नाही. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात उपालीची कथा आहे. पूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतितांच्या व दलितांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात तिला स्थान दिले, म्हणून ती आपल्या वाचकांस परिचित आहे. तथापि अंगसेवकाच्या दृष्टीने ती पुन्हा वाचण्यासारखी आहे. उपाली हा शाक्य कुमारांचा न्हावी. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल व देवदत्त हे सहा कुमार उद्यानक्रीडेच्या मिषाने सैन्यासह निघाले, सैन्य परत पाठविले, आणि सीमा ओलांडल्यावर अंगावरील सर्व अलंकार उत्तरीयात बांधून त्यांनी उपालीच्या स्वाधीन केले. एवढ्यावर तुझा जन्म निभेल, आता परत जा, असे ते म्हणाले. उपाली काही अंतर गेला आणि विचारात पडला. शाक्य तापट आहेत. मी हे अलंकार घेऊन गेलो तर कुमारांना मी मारविले असेच ते समजतील. शिवाय राजपुत्र जर घर सोडू शकतात, तर मी का नाही? त्याने गाठोडे झाडाला टांगले, जो पाहील त्याला ते दिले असे म्हटले, आणि तो मागे फिरला.

अलंकारांच्या गाठोड्याचा हा तपशील फार बोलका आहे. सेवकाच्या आयुष्यात यापेक्षा मोठे बक्षीस येणार नव्हते. परंतु ते बक्षीस घेऊन तो जगू शकत नव्हता, कारण न्हाव्याच्या हातात राजपुत्राचे सोने दिसताच तो खुनी ठरणार होता. धन्याच्या कृपेलाही धन्याच्या जगात जागा नव्हती!

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. कुमारांनी स्वतःच भगवंतांस विनंती केली की उपालीला आमच्याआधी प्रव्रज्या द्यावी. तो दीर्घकाळ आमचा सेवक होता. आता आम्ही त्याला वंदन करू, त्याच्यासाठी उठून उभे राहू, म्हणजे आमचा शाक्यपणाचा अभिमान उतरेल. भगवंतांनी तसेच केले. संघात ज्येष्ठता प्रव्रज्येच्या क्षणावरून मोजली जाते, त्यामुळे ही काही एका दिवसाची विधीपुरती नम्रता नव्हती. सहाही राजपुत्र आयुष्यभर आपल्या न्हाव्याहून कनिष्ठ राहिले. उपाली विनयधरांमध्ये अग्र ठरला, आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्याच्याच मुखातून संघाने स्वीकारला. जिवा महाला व शिवा काशीद यांचा विचार करताना आम्हांस उपाली नेहमी आठवतो. त्या दोघांना कृतज्ञता लाभली, म्हण लाभली, समाधी लाभली. त्यांच्या जातीला मात्र कोणाच्या आधी आसन लाभले नाही.

दुसरी कथा कोसंबीची. उदेन राजाची राणी सामावती, आणि तिची दासी खुज्जुत्तरा. पाठीला कुबड असल्याने ‘खुज्ज’ हे विशेषण तिच्या नावाला चिकटले. धम्मपदाच्या अट्ठकथेत तिची कथा विस्ताराने आली आहे. राणीच्या फुलांसाठी राजाकडून रोज आठ कार्षापण मिळत. उत्तरा चारांची फुले आणी आणि चार स्वतःकडे ठेवी. वाड्यातील सेवकवर्गात असा हात मारणे नवलाचे नव्हते. एके दिवशी सुमन माळ्याच्या घरी भगवान बुद्ध भोजनास आले असता तिने त्यांचा उपदेश ऐकला, आणि ती स्रोतापन्न झाली. त्या दिवशी तिने आठही कार्षापणांची फुले आणली. राणीने विचारले, आज राजाने दुप्पट पैसे दिले काय? उत्तरेने खरे ते सांगितले. दुसऱ्या एखाद्या राणीने तिला दंड केला असता. सामावतीने विचारले की, तू ऐकलेस ते आम्हालाही सांगशील काय?

यावर दासीने जे उत्तर दिले ते पुन्हा पुन्हा स्मरावे असे आहे. तिने स्नानाचे पाणी मागितले, स्वच्छ वस्त्रे मागितली आणि उच्च आसन मागितले. राणी व तिच्या परिवारातील पाचशे स्त्रिया खाली बसल्या, आणि जी कालपर्यंत त्यांच्या स्नानाचे पाणी भरीत होती तिने त्यांना धम्म सांगितला. तेव्हापासून सामावतीने तिला दास्यातून मोकळे करून मातेच्या स्थानी मानले, आणि रोज विहारात जाऊन ऐकावे व येऊन सांगावे एवढेच काम तिच्याकडे ठेवले. बहुश्रुत उपासिकांमध्ये भगवंतांनी तिला अग्रस्थान दिले. इतिवुत्तक या ग्रंथातील ११२ सुत्ते तिच्या स्मरणातून आली अशी परंपरा आहे. अंतःपुराबाहेर जाण्याची मुभा राणीला नव्हती, दासीला होती; त्या मुभेतून तिपिटकाचा एक ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला.

अट्ठकथाकारांनी तिचे कुबड व तिचे दास्य यांची कारणे पूर्वजन्मीच्या कर्मात शोधली आहेत. हे स्पष्टीकरण स्वीकारण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. पूर्वकर्माच्या नावाने दास्याचे समर्थन करणाऱ्या विचाराची चिकित्सा बाबासाहेबांनी केलीच आहे. दासी दास्यात होती कारण तिला दासी म्हणून ठेवले होते. आणि राणीने ठरविताच ती मुक्त झाली, ही गोष्ट त्याच कथेत स्पष्ट आहे.

आयुष्मान आनंद हे राजाचे सेवक नव्हते, म्हणून त्यांच्याविषयी थोडक्यातच लिहितो. भगवंतांच्या आयुष्याच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत ते त्यांचे उपट्ठाक होते. हे पद स्वीकारताना त्यांनी आठ अटी घातल्या. पहिल्या चार नकाराच्या: भगवंतांस मिळालेले चीवर मला देऊ नये, भिक्षा देऊ नये, त्यांच्या गंधकुटीत मला जागा देऊ नये, त्यांच्या निमंत्रणात मला सामील करू नये. पुढल्या चार मागणीच्या: मी स्वीकारलेल्या निमंत्रणास भगवंतांनी यावे, दूरून आलेल्यांना मला त्यांच्यापाशी नेता यावे, शंका आली की विचारता यावी, आणि माझ्या गैरहजेरीत दिलेला उपदेश मला पुन्हा सांगावा. हुजरेगिरीची सगळी कमाई पहिल्या चार अटींनी बंद केली आणि पुढल्या चारांनी दरवाजा लोकांसाठी उघडला. हुजऱ्या दार अडवून श्रीमंत होतो. आनंदांनी तेच पद दार उघडण्यासाठी मागून घेतले.

प्रव्रज्या न घेणाऱ्या गृहस्थाच्या घरातील सेवकांचे काय, असा प्रश्न वाचक विचारतील. त्याचे उत्तर सिगालोवाद सुत्तात आहे. धन्याने सेवकाला त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, भोजन व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, उत्तम पदार्थ वाटून खावेत, वेळेवर सुटी द्यावी. या पाच गोष्टी आमच्याकडील महार वतनाशी ताडून पाहाव्यात. वतनदार महार हा गावचा आणि सरकारचा हक्काचा सेवक. रात्री-अपरात्री हाक येईल तेव्हा त्याने धावावे, साहेबाचे ओझे वाहावे, सांगावे पोहोचवावे, आणि मोबदल्यात तुटपुंजे बलुते व जमिनीचा तुकडा. शक्तीचा विचार नाही, वेतन नाही, शुश्रूषा नाही, सुटी नाही, वाटून खाणे तर स्वप्नातही नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन बंद केले. ब्रिटिश मुलखात बाबासाहेबांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यासाठी विधेयक आणले.

वेतन आणि दर्जा यांचा संबंध चातुर्वर्ण्यात किती तुटलेला असतो, याचा अनुभव बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यास आला. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब करारानुसार त्या संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दूरून फेकीत. पिण्याचे पाणी त्यांना मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला होता तेथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना अकराव्या दिवशी बाहेर काढले. वर आम्ही सांगितलेली पाण्याची रेषा येथे उलट्या बाजूने दिसते. शिपाई हुद्द्याने खालचा होता, पगाराने खालचा होता, तरी साहेबाला पाण्याचा पेला देणे त्याला कमीपणाचे वाटत होते. बडोद्याचा राजा उदार होता. परंतु राजाचे औदार्य शिपायाच्या हातापर्यंत पोहोचत नव्हते.

कोल्हापुरात ते पोहोचावे यासाठी शाहू महाराजांनी वेगळा मार्ग धरला. अस्पृश्य तरुणांना त्यांनी माहूत, कोचमन अशा कामांवर नेमले. १९१९ मध्ये शाळा, दवाखाने, पाणवठे यांबाबत अस्पृश्यता न पाळण्याचे हुकूम काढले. त्यांच्या राजवटीच्या अखेरच्या वर्षांत गंगाराम कांबळे यांचे प्रकरण घडले. गंगाराम हे राजवाड्याच्या पागेतील महार सेवक. स्पृश्य नोकरांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला त्यांनी हात लावला, एवढ्या कारणावरून मराठा नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज तेव्हा कोल्हापुरात नव्हते. ते परतल्यावर सोनतळी कॅम्पावर गंगाराम त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि पाठीवरचे वळ दाखविले. महाराज संतापले, मारणाऱ्यांना बोलावून त्यांनी स्वतः चाबकाने फोडून काढले.

ही हकीगत सांगणारे बहुतेक लोक चाबकापाशी रंगतात. आम्हांस चाबकाचे विशेष वाटत नाही. चाबूक राजाच्या हाती नेहमीच असतो, आज तो एकावर पडतो, उद्या दुसऱ्यावर. त्याने पाण्याचा हौद मोकळा झाला नाही. महत्त्व आहे ते महाराजांच्या पुढल्या कृतीला. त्यांनी गंगारामांना पागेत परत पाठविले नाही, किंवा वाड्यात वरची जागा दिली नाही. त्यांनी त्यांना चाकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढावयास सांगितले. महाराजांच्या पाठबळाने गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल उघडले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’.

धंदा निवडला तोही पाण्याचा! ज्याच्या स्पर्शाने हौद बाटला त्याच्या हातचा चहा कोण पिणार? शहरातले स्पृश्य लोक फिरकेनात. तेव्हा महाराज फेरफटक्यास निघाले की त्यांची गाडी गंगारामांच्या दुकानापुढे थांबू लागली. महाराज चहा मागवीत, स्वतः पीत, आणि बरोबरच्या ब्राह्मण-मराठा मंडळींनाही तो घ्यावयास लावीत. राजाने घोट घेतल्यावर मानकऱ्यांना पेला बाजूला सारणे शक्य नसे. पुढे महाराजांनी गंगारामांना सोडावॉटरचे यंत्रही मिळवून दिले.

आरंभी सांगितलेली तीन वर्तुळे येथे आठवावीत. तिसऱ्या वर्तुळाच्या कडेवरचा माणूस एकदम पहिल्यात आला. आबदारखान्याचे काम तो करू लागला. आणि तरीही तो राजाचा आबदार नव्हता. चहाचे पैसे घेणारा तो दुकानदार होता. राजाच्या मुखाकडे पाहत उभे राहण्याची त्याला गरज नव्हती, कारण या वेळी राजा त्याच्या दारी आला होता. उपालीसाठी राजपुत्र उठून उभे राहिले, उत्तरेपुढे राणी खाली बसली, आणि गंगारामांच्या दारात छत्रपतींची गाडी थांबली. हे तिन्ही प्रसंग एका जातीचे आहेत असे आमचे मत आहे. फरक एवढाच की, उपालीच्या मागे संघाचा नियम होता, म्हणून उपालीनंतर आलेल्या सुनीतालाही तो लाभला. गंगारामांच्या मागे एका राजाची इच्छाशक्ती होती, आणि शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, मुंबईत गिरगावच्या खेतवाडीतील पन्हाळा लॉज येथे निवर्तले. त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, ते कोणा राजाच्या आज्ञेने नव्हे.

या दोन महापुरुषांची भेट आमच्या परळचीच. बडोद्याहून अपमानित होऊन परतलेले बाबासाहेब पोयबावाडीच्या बी. आय. टी. चाळीत राहत होते. भोईवाड्यापासून ती चाळ पायी जाण्याच्या अंतरावर आहे. चित्रकार दत्तोबा दळवी यांच्याकडून या विद्वान तरुणाची माहिती कळल्यावर महाराज स्वतः परळच्या चाळीत आले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, त्यास महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य केले. त्याच वर्षी २१ व २२ मार्च रोजी कोल्हापूर संस्थानातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. महाराज तेथे आले, बाबासाहेब हेच तुमचे पुढारी होत असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले, आणि परत जाण्यापूर्वी आपल्या रजपूतवाडीच्या कॅम्पावर आपल्याबरोबर भोजनास यावे, असे निमंत्रण त्यांनी भर सभेत बाबासाहेबांना दिले.